जर्मनीत यजमान कुटुंबात राहायला जाताना

महाराष्ट्रातून जर्मनीत शालेय वर्षासाठी जाणारी मुले बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात आणि पुढच्या उन्हाळ्यात परततात. रोटरी किंवा एएफएससारख्या संस्थांच्या कार्यक्रमातून जाणारा विद्यार्थी वसतिगृहात राहत नाही. तो एका कुटुंबात राहतो, आणि त्या कुटुंबाला त्याबद्दल सहसा मोबदलाही मिळत नाही. त्यांनी आपली एक खोली, जेवणाच्या टेबलावरची एक खुर्ची आणि दहा महिन्यांचा वेळ देऊ केलेला असतो. मी स्वतः शाळेत असताना असे एक वर्ष उत्तर जर्मनीतल्या एका लहान गावात काढले, आणि आता निघणाऱ्या मुलांशी व त्यांच्या पालकांशी बोलण्याचे काम करते. व्हिसा, विमा आणि लोकरीचे कपडे यांची माहिती त्यांना पुरेशी मिळते. घरात शिरल्यावर काय करायचे, हे मात्र कोणी क्रमाने सांगत नाही, म्हणून हा लेख.

आरंभीच एक गोष्ट सांगते, कारण पुढचे जवळजवळ सगळे तिच्यातून निघते. आपल्याकडे पाहुण्याने दोनदा "नको" म्हणायचे आणि यजमानाने तिसऱ्यांदा वाढायचे, अशी रीत आहे. न सांगता ओळखणे हे आपल्या आदरातिथ्याचे लक्षण मानले जाते. जर्मन घरात शब्द जसा उच्चारला तसाच धरला जातो. तुम्ही "नको" म्हणालात की तो तुमचा निर्णय ठरतो, आणि पुन्हा आग्रह करणे म्हणजे तुमच्या शब्दावर अविश्वास दाखवणे असे त्यांना वाटते. शिवाय भाषेचीही एक अडचण आहे. काही देऊ केल्यावर नुसते "डांके" म्हटले, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा "नको, धन्यवाद" असा घेतला जातो. हवे असेल तर "या, बिट्टे" (हो, कृपया) किंवा "या, गेर्ने" (हो, आनंदाने) असे म्हणावे लागते. हे ठाऊक नसल्यामुळे पहिले काही दिवस मी प्रत्येक जेवणात हसून "डांके" म्हणत राहिले आणि अर्धपोटी झोपले. घरात अन्न भरपूर होते आणि माणसे प्रेमळ होती, तरीही हे घडले.

निघण्यापूर्वी

कुटुंबाचे नाव कळल्यावर आठवडाभरात त्यांना पत्र किंवा ईमेल पाठवावी. त्यात आपल्या यशाची यादी नसावी. आपण काय खातो, काय खात नाही, सकाळी किती वाजता उठतो, कुत्र्या-मांजराची भीती किंवा ॲलर्जी आहे का, कोणते औषध नियमित घेतो, या गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. "मी शाकाहारी आहे" एवढे लिहिणे पुरत नाही. पुष्कळ ठिकाणी मासे खाणाराही स्वतःला जवळजवळ शाकाहारी म्हणवतो, आणि बटाट्याच्या किंवा घेवड्याच्या भाजीत घातलेले डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, म्हणजे श्पेक, अनेकांच्या लेखी केवळ चवीपुरते असतात. म्हणून मांस, मासे, मांसाचे सूप आणि जिलेटिन चालत नाही, अंडी चालतात किंवा चालत नाहीत, दूध-दही चालते, असे एकेक पदार्थ घेऊन लिहावे. चघळायच्या रंगीत गोळ्यांत आणि काही गोड पदार्थांत जिलेटिन असते, हे आपणही लक्षात ठेवावे.

सामान भरताना आजी-आत्यांची मने सांभाळणे अवघड जाते, पण एक नियम आधीच सांगून ठेवावा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सोबत नेण्यास मनाई आहे. म्हणून पेढे, श्रीखंडाच्या वड्या आणि साजूक तुपाचा डबा घरीच ठेवावा. ताजी फळे, भाज्या आणि पाने यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, त्यामुळे हापूस आंबे आणि ताजा कढीपत्ताही नेता येत नाही. भाजणी, गोडा मसाला, सुकी चटणी, दूध-तूप नसलेला चिवडा आणि तिळाच्या वड्या घट्ट बंद पाकिटांतून न्याव्यात. भाजणी अवश्य न्यावी, तिचा उपयोग पुढे सांगितला आहे. भेटवस्तू महाग असू नये, महागड्या वस्तूने यजमान संकोचतात. वारली चित्राची चौकट, पैठणीच्या काठाची उशीची खोळ, किंवा आपल्या घराची, गल्लीची, शाळेची छायाचित्रे लावलेली छोटी वही अधिक चांगली. पहिल्या आठवड्यात बोलायला शब्द अपुरे पडतात, तेव्हा ही वही कामी येते.

वीज भारताप्रमाणेच २३० व्होल्ट असते, पण आपला तीन गोल पिनांचा प्लग तिथल्या भिंतीत बसत नाही. दोन ॲडॉप्टर पुरतात. स्वतःची नियमित औषधे डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत, कारण तिथे अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

पहिली संध्याकाळ

दारातच बूट काढण्याची रीत बहुतेक जर्मन घरांत आहे, आणि घरात वापरायच्या सपाता वेगळ्या असतात. आपल्या सपाता वरच्या बॅगेत ठेवाव्यात. मग प्रश्न येतो हाक मारण्याचा. पन्नाशीच्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारणे आणि "डू", म्हणजे "तू", म्हणणे आपल्या मुलांच्या जिभेवर येत नाही. ती "झी" म्हणजे "आपण" म्हणत राहतात, आणि यजमानांना वाटते की मूल अंतर राखून आहे. अशा मुलांना मी एवढीच आठवण देते की आपण आईलाही "अगं आई, तू" असेच म्हणतो, आणि त्यात आदर कमी होत नाही. "मी तुम्हाला काय म्हणू?" असे पहिल्याच संध्याकाळी विचारावे आणि ते सांगतील तेच म्हणावे. शाळेतील शिक्षकांना मात्र "झी"च म्हणायचे.

त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी, प्रवासाचा थकवा उतरल्यावर, वही-पेन घेऊन घरभर फिरावे आणि विचारावे. हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, आणि लाजेमुळे तोच सर्वाधिक वेळा टाळला जातो. विचारायचे ते असे: सकाळी न्हाणीघर कोण कधी वापरते आणि माझी वेळ कोणती? फ्रिजमधले काय न विचारता घ्यावे? धुलाई यंत्र मी चालवू का, आणि कोणत्या दिवशी? घराची किल्ली मला मिळेल का, आणि रात्री किती वाजेपर्यंत परतावे? वाय-फाय रात्री बंद होते का? घरकामातले कोणते काम माझे? शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारावा, कारण कामाची वाटणी झाली की तुम्ही पाहुणे राहत नाही. भांडी धुण्याचे यंत्र रिकामे करणे, टेबल मांडणे किंवा कुत्र्याला फिरवणे यांपैकी एक काम ठरवून घ्यावे आणि ते न सांगता रोज करावे. उत्तरे लिहून घेतलेली पाहून यजमान हसणार नाहीत, त्यांना ते आवडते.

स्वयंपाकघरात अनेकदा भिंतीवर एक दिनदर्शिका असते, तिच्यात प्रत्येक सदस्याला वेगळा रकाना असतो. आपला रकाना मागून घ्यावा आणि शाळेतून उशिरा येण्याचे दिवस त्यात लिहावेत. जेवायला घरी नसणार हे आदल्या दिवशी सांगणे सौजन्याचे आहे, आणि दहा मिनिटे उशीर होणार असेल तरी निरोप पाठवावा.

न्हाणीघर, हवा आणि पाणी

तक्रारी मोठ्या कारणांनी क्वचित होतात, न्हाणीघरावरून पुष्कळ होतात. जर्मन न्हाणीघराच्या फरशीला बहुधा पाणी वाहून जायला जाळी नसते. बादली-तांब्याने आंघोळ केली तर पाणी दाराबाहेर, कधी खालच्या मजल्याच्या छतापर्यंत पोचते. आंघोळ काचेच्या कप्प्यात किंवा टबमध्येच करावी, पडदा टबच्या आत सोडावा, आणि झाल्यावर तिथे टांगलेल्या रबरी पट्टीने काच व फरशा पुसून घ्याव्यात. जाळीतले केस काढावेत. गरम पाणी महाग आहे, म्हणून पाच ते सात मिनिटांत आवरावे. शौचालयातला कागद शौचालयातच टाकायचा असतो, सॅनिटरी पॅड मात्र कधीही नाही, ते झाकणाच्या डब्यात टाकावे. पुरुषांनी बसूनच लघवी करावी अशी अपेक्षा बहुतेक घरांत असते, आणि हे मुलाला कोणी तरी आधी सांगितलेले बरे. पाण्याने स्वच्छता करण्याची सवय असलेल्यांनी छोटी प्लास्टिकची बाटली जवळ ठेवावी. त्यात लपवण्यासारखे काही नाही, फक्त फरशी कोरडी ठेवावी.

हिवाळ्यात खोलीत बाहेरची हवा घेण्याची एक पद्धत आहे, तिला श्टोसल्युफ्टन म्हणतात. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडकी पूर्ण उघडायची, पाच-दहा मिनिटांनी लावायची आणि मग हीटर पुन्हा चालू करायचा. श्वासाची, आंघोळीची आणि ओल्या कपड्यांची वाफ बंद खोलीत साचली की थंड भिंतींवर काळी बुरशी धरते, आणि तसे झाले की नुकसान घरमालकाच्या भिंतीचे होते. खिडकीची मूठ तीन स्थितींत फिरते: बंद, आडवी पूर्ण उघडी, आणि वरून किंचित तिरकी. तिरकी ठेवून दिवसभर हीटर चालू ठेवणे ही चूक मानतात. हीटरच्या खटक्यावरचा ३ हा आकडा साधारण २० अंशांचा असतो. त्यामुळे थंडी वाजली की ५ वर नेण्याआधी स्वेटर घालावा.

नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. हळदीच्या डागांचे कपडे आणि नवा सुती कुर्ता इतरांच्या पांढऱ्या कपड्यांसोबत यंत्रात टाकू नयेत.

कचरा आणि रविवार

कचऱ्याचे वर्गीकरण पहिल्या आठवड्यातच शिकावे. गावोगाव थोडा फरक असतो, पण कागद निळ्या डब्यात, प्लास्टिक व धातूची वेष्टने पिवळ्या डब्यात किंवा पिवळ्या पिशवीत, भाजी-फळांची साले बहुधा तपकिरी डब्यात आणि उरलेला कचरा काळ्या किंवा करड्या डब्यात असा साधारण क्रम आहे. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या टाक्यांत पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी अशा रंगांनुसार टाकतात. पेयांच्या, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्यांवर आणि पत्र्याच्या डब्यांवर २५ सेंट ठेव असते. ती रिकामी झाल्यावर सुपरमार्केटमधल्या यंत्रात परत द्यायची. त्यामुळे त्या चेपू नयेत आणि कचऱ्यात टाकू नयेत.

रविवारी जवळजवळ सगळी दुकाने बंद असतात आणि शांतता पाळली जाते. काचेच्या बाटल्या टाकीत टाकणे, मोठ्याने गाणी लावणे, भिंतीला खिळा ठोकणे हे रविवारी टाळावे. रात्रीची शांततेची वेळ साधारण १० ते सकाळी ६ अशी असते. भारत हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असल्यामुळे घरच्यांशी संध्याकाळी उशिरा बोलणे तसेही त्यांच्या मध्यरात्री जाते. दुपार बरी पडते.

जेवण

जर्मन घरात गरम जेवण बहुधा दिवसातून एकदाच असते. ते दुपारी झाले असेल तर रात्री आबेन्डब्रोट, म्हणजे पाव, चीज, मांसाचे थंड काप, काकडी-टोमॅटो आणि लोणचे असे ताट मांडले जाते. वरण-भाताची सवय असलेल्या मुलाला हे दुसऱ्या आठवड्यात जाणवते, आणि त्याची घराची आठवण पुष्कळदा संध्याकाळी सात वाजता दाटून येते, ती या थंड टेबलामुळे. इथे पुन्हा तोच उपाय, बोलणे. "रात्री मला काही गरम लागते, मी स्वतःसाठी सूप करून घेऊ का?" असे विचारलेले कोणत्याही यजमानाला अपमानास्पद वाटत नाही. न विचारता खोलीत चिवडा खाऊन झोपलेले मात्र त्यांच्या मनाला लागते, कारण त्यांना ते नंतर डब्यावरून कळते.

सर्वजण बसल्यावर "गुटेन आपेटीट" म्हणून जेवायला सुरुवात करतात. त्याआधी घास घेऊ नये. दोन्ही हात टेबलावर दिसावेत, मांडीवर नसावेत. ढेकर देणे चालत नाही, नाक शिंकरणे मात्र चालते. हाताने जेवायचे असेल त्या दिवशी आधी सांगावे आणि त्यांनाही शिकवावे. बिअर आणि वाइन जर्मनीत १६ वर्षांपासून कायद्याने विकत घेता येते, त्यामुळे कुटुंबातल्या समारंभात ती तुमच्यापुढे येईल. तुमच्या संस्थेचा नियम काय आहे ते पाहावे, आणि नको असल्यास एकदाच "नको" म्हणावे. तो शब्द तिथे पुरतो.

पहिल्या महिन्यात एकदा स्वतः स्वयंपाक करावा. लाल मसूर जवळजवळ प्रत्येक जर्मन सुपरमार्केटमध्ये रोटे लिन्झेन या नावाने मिळते, त्याची गोडा मसाला घालून केलेली आमटी आणि भात हा सर्वांत सोपा बेत आहे. भाजणीचे थालीपीठ सपाट पॅनवर उत्तम होते. तिखट अगदी बेताचे घालावे, हवे असल्यास चटणी वेगळी द्यावी. चूल बहुधा काचेच्या पृष्ठभागाची असते. तिच्यावर गोल बुडाची कढई तापत नाही आणि भांडे सरकवले तर चरे पडतात. छतावर धुराचा इशारा देणारे यंत्र असते, म्हणून मोहरी-हिंगाची फोडणी करताना वरचा पंखा चालू करावा, खिडकी उघडावी आणि स्वयंपाकघराचे दार लावून घ्यावे. हिंगाचा वास आपल्याला भूक लावतो, पण कोटांना तो चिकटलेला त्यांना आवडेलच असे नाही. गोडासाठी क्वार्क आहे. हा जर्मन पदार्थ आपल्या चक्क्याच्या फार जवळचा आहे. वेष्टनावर चाळीस टक्के स्निग्धांश (म्हणजे पाणी वगळून उरलेल्या घटकांतला) असे लिहिलेला क्वार्क दोन तास फडक्यात टांगला, पिठीसाखर, वेलदोडा आणि केशर घातले की श्रीखंड होते. गुढीपाडव्याला मी ते केले, तेव्हा घरातल्या आजींनी कृती लिहून घेतली.

पहिल्या दोन आठवड्यांतली कागदपत्रे

नव्या पत्त्यावर राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत नाव नोंदवावे लागते. यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचे एक प्रमाणपत्र लागते, ते यजमानांकडून पहिल्याच आठवड्यात मागावे. कार्यालयाची वेळ आधी घ्यावी लागते आणि मोठ्या शहरात ती लवकर मिळत नाही, म्हणून शक्य असल्यास येण्याआधीच घेऊन ठेवावी. या नोंदणीचा कागद पुढे बँकेपासून परदेशी नागरिकांच्या कार्यालयातल्या निवास परवान्यापर्यंत सगळीकडे मागतात. रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी ११२, पोलिसांसाठी ११० हे क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवावेत.

खोलीचे दार आणि घरची आठवण

आपल्या घरात दार लावून बसलेले मूल रुसले आहे असे समजतात. जर्मन घरात बंद दार ही साधी गोष्ट आहे आणि आत जाण्यापूर्वी आई-वडीलही टकटक करतात. हे मुलांना आवडते, आणि इथेच घसरण होते. शाळेतून येऊन दार लावायचे, पुण्यातल्या मित्रांशी तासन्‌तास बोलायचे आणि फक्त जेवायला बाहेर यायचे, असे तीन आठवडे गेले की यजमान मानतात की मुलाला आपल्यात राहायचे नाही, आणि तेही विचारणे थांबवतात. पहिले दोन महिने तरी शाळेनंतरचा एक तास बाहेरच्या खोलीत घालवावा, गृहपाठ स्वयंपाकघराच्या टेबलावर करावा. भाषा तिथेच येते.

पालकांना माझी कळकळीची विनंती आहे: रोज फोन करू नका. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दिवशी बोला. मुलगी फोनवर रडली तर लगेच यजमानांना संदेश पाठवू नका. तिने यजमानांशी बोलावे म्हणून तिला धीर द्या. रडणे बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते, जेव्हा साडेचारलाच अंधार पडायला लागतो आणि इकडे दिवाळी असते. त्या आठवड्यासाठी आधीच काही योजावे. यजमानांना दिवाळी काय ते सांगून घरात पणत्या लावाव्यात, शेजाऱ्यांना बोलवावे. पाठोपाठ ६ डिसेंबरला निकोलाउसचा दिवस येतो. त्याच्या आदल्या रात्री घासलेले बूट दाराबाहेर ठेवतात आणि सकाळी त्यात खाऊ मिळतो. नाताळची मुख्य संध्याकाळ २४ तारखेची असते, ती घरच्यांसोबतच घालवावी. वाढदिवसाच्या शुभेच्छा मात्र आधी कधीही देऊ नयेत, तिथे ते अशुभ मानतात.

जमत नसेल तेव्हा

कुरबुरी होतील. पहिल्यांदा संबंधित व्यक्तीशीच, शांत वेळ निवडून, एका वेळी एकच गोष्ट बोलावी: "रविवारी सकाळी मला झोपायचे असते, सातला उठवू नका, असे चालेल का?" दुसऱ्या कुणाकडे कुजबुजणे तिथे विश्वासघात समजला जातो. दोन प्रयत्नांनंतरही सुधारणा झाली नाही तर संस्थेच्या स्थानिक समन्वयकाला कळवावे, कारण त्याचे कामच ते आहे. कुटुंब बदलणे ही नामुष्की नाही. रोटरीच्या कार्यक्रमात तर वर्षभरात एकाहून अधिक कुटुंबांत राहणे हीच सामान्य पद्धत आहे.

पण नकोसा स्पर्श, धमकी, उपाशी ठेवणे, पारपत्र काढून घेणे यांपैकी काहीही घडले तर हा क्रम पाळायचा नाही. त्याच क्षणी समन्वयकाला, पालकांना किंवा ११० ला फोन करावा. मुलांसाठी ११६१११ हा निःशुल्क मदतक्रमांक जर्मनीत आहे. अशा वेळी यजमानांना काय वाटेल, हा विचार मुलाने करू नये.

निघताना

परतण्याच्या महिनाभर आधी सामानाचे वजन करावे, कारण दहा महिन्यांत पुस्तके आणि बूट वाढलेले असतात. जाण्यापूर्वी नगरपालिकेतले नाव काढून घ्यावे, हे प्रस्थानाच्या एक आठवडा आधीपासून करता येते. उरलेला गोडा मसाला बरणीत भरून, त्याच्यावर जर्मनमध्ये नाव आणि कृती लिहून स्वयंपाकघरात ठेवावा. शेवटच्या सकाळी अंथरुणाच्या चादरी काढून धुलाई यंत्राजवळ ठेवाव्यात, खिडकी पाच मिनिटे उघडून लावावी आणि किल्ली टेबलावर न ठेवता हातात द्यावी.